‘पेटंट आहे का?’ हा रकाना बदला : स्टार्टअप स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र

सन्माननीय संयोजक, परीक्षक आणि मार्गदर्शकहो,

सप्रेम नमस्कार.

स्टार्टअप स्पर्धा असो, हॅकेथॉन असो की नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटर संस्थेची प्रवेशफेरी, अर्जात हल्ली एक रकाना ठरलेला असतो: ‘तुमच्या कल्पनेचे पेटंट घेतले आहे का?’ खाली ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘हो’ला गुण असतात. ‘नाही’ लिहिणाऱ्याला परीक्षक सादरीकरणात पुन्हा तेच विचारतात आणि तो भर सभेत खजील होतो. अर्जदार एखादे नवे यंत्र किंवा नवे रसायन घेऊन आला असेल तर हा प्रश्न रास्त आहे. पण तुमच्या दारात येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वेबसाइटची किंवा अ‍ॅपची कल्पना घेऊन येतात. त्यांना हा प्रश्न असा विचारणे चूक आहे आणि त्यातून त्यांचे नुकसान होते. काही संयोजकांना मी हे खासगीत सांगून पाहिले. ‘हा रकाना सगळीकडेच असतो’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

मी वेबसाइट बांधण्याचे काम करते आणि नव्याने काही सुरू करू पाहणाऱ्या मुलामुलींना जमेल तसे मार्गदर्शन करते. पूर्वी आमचे बोलणे कामापासून सुरू व्हायचे: पहिले पान कसे असावे, माहिती कुठे साठवावी, सुरुवातीचे वापरकर्ते कुठून आणावेत. आता पहिलाच प्रश्न येतो, ‘ताई, आधी पेटंट घ्यायचं ना?’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तुमच्या अर्जाने घातला आहे. जुनी पाठ्यपुस्तके देऊ इच्छिणारे आणि ती हवी असणारे यांची गाठ घालून देणारी वेबसाइट काढायची, असे ठरवून काही मुले माझ्याकडे आली होती. तोपर्यंत त्यांच्याजवळचे बहुतेक पैसे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या एका एजंटाच्या हाती गेले होते. पुढे पेटंट कार्यालयाच्या तपासणी अहवालात अपेक्षित तोच आक्षेप आला: ही व्यवसायाची पद्धत आहे. वेबसाइट मात्र ना तेव्हा बांधून झाली होती, ना नंतर झाली. कल्पना चांगली होती. पैसे चुकीच्या जागी गेले, आणि त्या जागेचा रस्ता तुमच्या अर्जाने दाखवला होता.

मूळ मुद्दा आधी स्पष्ट करते, कारण तो तुमच्या माहितीपत्रकात कुठेच सापडत नाही. निव्वळ वेबसाइटच्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. पेटंट शोधाला मिळते. तो नवा हवा, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा नको आणि प्रत्यक्ष वापरता येणारा हवा. शिवाय तो इतक्या तपशिलाने लिहून द्यावा लागतो, की वाचून दुसऱ्या जाणकाराला तो करता यावा. ‘घरमालक आणि भाडेकरू यांना एकत्र आणणारी वेबसाइट’ या वाक्यात यातले काहीही नाही. ती एक इच्छा आहे, आणि ती एकाच वेळी अनेकांच्या मनात येऊ शकते.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(के) सांगते, की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध धरले जाणार नाहीत. हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आले. १९७३ च्या युरोपियन पेटंट कराराच्या ५२व्या कलमातही व्यवसायाच्या पद्धती आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम वगळलेले आहेत. अमेरिकेत १९९८ च्या स्टेट स्ट्रीट बँक निकालाने व्यवसाय-पद्धतींना दार उघडून दिले होते. इंटरनेटवरच्या धंद्यांच्या पेटंटांचा तिकडचा गाजावाजा त्या काळातला. मग तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बिल्स्की खटल्यात आणि जून २०१४ मध्ये अ‍ॅलिस खटल्यात ते दार बरेचसे लोटून घेतले. अ‍ॅलिसचा निकाल एकमताने लागला: एखादी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली, एवढ्याने ती पेटंटला पात्र ठरत नाही. आजही काही मार्गदर्शक १९९९ चे वर्ष चालू असल्यासारखा सल्ला देतात. हे निकाल त्यांच्यापर्यंत पोचायला हवे होते.

त्याच १९९९ चे एक उदाहरण तुमच्या व्यासपीठांवरून वारंवार दिले जाते: अ‍ॅमेझॉनचे ‘वन-क्लिक’ पेटंट. ‘एका बटनाचं पेटंट मिळालं, मग तुमच्या वेबसाइटला का नाही मिळणार?’ असे मुलांना सांगितले जाते. ते पेटंट मी वाचले आहे. सांगणाऱ्यांनीही एकदा वाचावे अशी विनंती आहे. अमेरिकी पेटंट क्रमांक ५,९६०,४११. अर्ज सप्टेंबर १९९७ चा, मंजुरी सप्टेंबर १९९९ ची. ‘इंटरनेटवर पुस्तके विकणे’ या कल्पनेवर त्यात कसलाही हक्क सांगितलेला नाही. ग्राहकाच्या संगणकावर वस्तूची माहिती दिसते. एकाच कृतीसरशी त्या वस्तूची मागणी ग्राहकाच्या ओळखखुणेसह सर्व्हरकडे जाते. सर्व्हर आधी साठवलेली माहिती काढतो आणि खरेदीची टोपली मध्ये न आणता ऑर्डर तयार करतो. एवढ्या पायऱ्यांची ती साखळी आहे आणि हक्क त्या साखळीपुरता आहे. तरीही त्यावर वाद कमी झाले नाहीत. बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीविरुद्ध डिसेंबर १९९९ मध्ये मिळालेला तात्पुरता मनाई हुकूम अपिलाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये रद्द केला, कारण पेटंटच्या वैधतेवरच भक्कम प्रश्न उभे राहिले होते. २००२ मध्ये दोघांनी आपसात तडजोड केली. युरोपियन पेटंट कार्यालयाने तो अर्ज मंजूर केला नाही. २०१७ मध्ये अमेरिकी पेटंटची मुदतही संपली. आणि खुद्द अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी मार्च २००० मध्ये एक खुले पत्र लिहून सुचवले होते, की व्यवसाय-पद्धती आणि सॉफ्टवेअर यांच्या पेटंटची मुदत तीन ते पाच वर्षांवर आणावी. तुमच्या व्यासपीठावरून या कहाणीतला फक्त ‘एक बटन’ एवढा भाग सांगितला जातो.

याचा अर्थ वेबसाइटशी संबंधित कशालाच पेटंट मिळत नाही, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणेही दिशाभूल ठरेल. इंटरनेटवर शोध घेऊन देण्याची कल्पना गूगलच्या आधीपासून होती. अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र १९९५ मध्येच सुरू झाले होते. पण एकमेकांना जोडलेल्या पानांचे महत्त्व त्यांच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून मोजायची गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांची पद्धत नवी होती. जानेवारी १९९८ मध्ये तिचा अर्ज झाला, २००१ मध्ये पेटंट मिळाले आणि ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होते. कल्पना सर्वांसाठी मोकळी राहिली, हक्क मिळाला तो त्या विशिष्ट मोजणीला. भारतात फेरिद अल्लानी यांचा अर्ज वेबवरची माहिती आणि सेवा यांच्यापर्यंत पोचण्याच्या पद्धतीविषयी होता. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो पुन्हा तपासायला सांगितला. निव्वळ प्रोग्रॅमला पेटंट नाही, पण त्यातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा मार्ग खरा आहे, पण तो अरुंद आणि लांब आहे: त्या प्रकरणात भारतातला अर्ज २००२ चा होता.

तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या वेबसाइटवाल्या मुलांना विचारायचा योग्य प्रश्न असा: तुमच्या वेबसाइटच्या पोटात असे काही तांत्रिक आहे का, जे आजवर कोणी केलेले नाही? कमकुवत नेटवर्कवर निम्म्याहून कमी माहिती पाठवून तेच पान दाखवायची नवी रीत, सर्व्हरवरचा भार कमी करणारी नवी रचना, असे काही? असेल तर पेटंट वकिलाकडे नक्की जावे. नसेल तर कामाला लागावे. तुमचा ‘हो किंवा नाही’ हा फरकच पुसून टाकतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. या रकान्यामुळे मुले निष्फळ पेटंट अर्जांकडे ढकलली जातात. गुण मिळतात म्हटल्यावर कोणीतरी अर्ज लिहून देणारा भेटतोच. तो ‘पेटंट मिळवून देतो’ असे कधी लेखी म्हणत नाही, ‘फाइल करून देतो’ म्हणतो. आणि अर्ज कोणालाही दाखल करता येतो. कार्यालय अर्ज स्वीकारते याचा अर्थ तो योग्य आहे असा होत नाही. तपासणी फार पुढे होते. तोवर तुमची स्पर्धा संपलेली असते, गुण देऊन झालेले असतात आणि आक्षेपाचा कागद एकट्या त्या मुलांच्या हाती पडतो. त्यात आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: पूर्ण अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे जो अर्ज नामंजूर होणार हे आधीच दिसत होते, त्यातून कल्पना सगळ्या तपशिलांसह जगापुढे जाते, आणि तिच्यावर हक्क तर मिळालेलाच नसतो.

दुसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. एका हाताने तुम्ही पेटंटला गुण देता आणि दुसऱ्या हाताने ते मिळण्याची शक्यताच संपवता. पेटंटसाठी शोध अर्जाच्या दिवशी नवा असावा लागतो, आणि शोधकाने स्वतः तो आधी जाहीर केला असेल तरी नवेपणा जाऊ शकतो. युरोपात हा नियम फार कडक आहे. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या जाहीर केलेल्या गोष्टीसाठी एक वर्षाची सवलत आहे. भारतात सवलत आहे ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना. तुमच्या सभागृहातले सादरीकरण त्यांत सहसा बसत नाही. आणि तुम्ही काय करता? ‘तुमचे तंत्रज्ञान नेमके कसे चालते ते समजावून सांगा’ असे भरल्या सभेत विचारता. सादरीकरणाची चित्रफीत त्याच संध्याकाळी इंटरनेटवर टाकता. नियमावलीत एक ओळ घालता, की सादर केलेली माहिती गोपनीय मानली जाणार नाही. ज्या एखाद्या मुलीकडे खरोखर तांत्रिक शोध असेल, तिचेच यात सर्वाधिक नुकसान होते, आणि तेही तिने तुमच्या प्रश्नाला मनापासून सविस्तर उत्तर दिल्यामुळे. पेटंटचा अर्ज करण्याआधी जाहीर बोलू नको, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तुमच्या मार्गदर्शक पुस्तिकेत यासाठी दोन ओळींची जागा निघाली असती.

तिसरी. ‘अर्ज केला आहे’ आणि ‘पेटंट आहे’ या दोन गोष्टी तुम्ही एकाच खान्यात टाकता. प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधी करायच्या तात्पुरत्या अर्जाची तर तपासणीही होत नाही. भारतात १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दिला नाही तर तो सोडून दिला असे मानले जाते. पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. पेटंट नसताना ते आहे असे भासवणे भारतासह अनेक देशांत बेकायदा आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो. गुणांसाठी ‘हो’वर खूण करणाऱ्या विद्यार्थ्याला याची कल्पनाही नसते. ‘पेटंटप्राप्त कल्पना’ अशी पाटी लावून त्याचा फोटो तुम्ही प्रसिद्ध करता, तेव्हा ती चूक एकट्या त्याची राहत नाही.

चौथी. पेटंटच्या नादात जे खरोखर मुलांच्या हातात आहे ते सुटते. वेबसाइटचा कोड, मजकूर, चित्रे यांना कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या अभिव्यक्तीला मिळतो, हे बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे दुसऱ्याने तुमचा कोड उचलला तर दाद मागता येते; तशीच वेबसाइट त्याने स्वतः बांधली तर सहसा नाही. नावाला आणि बोधचिन्हाला ट्रेडमार्क आहे. सर्व्हरच्या आतले, बाहेरून न दिसणारे गणित व्यापारी गुपित म्हणून राखता येते.

पण ज्यावरून सर्वांत जास्त भांडणे मी पाहिली, तो विषय तुमच्या एकाही प्रश्नात नसतो: हा कोड कोणाचा? कल्पना एकाची, बांधणारा दुसरा, आणि मधे कागद नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा असतो. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला कोड मात्र लेखी हस्तांतर नसेल तर साधारणपणे त्याचाच राहतो, पैसे चुकते केले असले तरी. हस्तांतराच्या करारात मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहायचा राहिला तर भारतापुरता धरतो. इतर अनेक देशांतही बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतले की लेखी कागदावाचून हाच गुंता होतो. सहसंस्थापक भांडून निघून जातो तेव्हा उरलेल्यांना कळते, की आपली वेबसाइट कायद्याने आपली नाहीच. त्या टप्प्यावर माझ्याकडे आलेल्यांना मी फारशी मदत करू शकत नाही, वकीलही फारशी करू शकत नाहीत. एका पानाचा करार सुरुवातीलाच झाला असता तर हे टळले असते, आणि तो करार करा असे सांगायला तुमच्याहून योग्य जागा दुसरी नव्हती.

पाचवी तक्रार थोडक्यात. पेटंट असणे म्हणजे कल्पना चालणार, असा समज तुमच्या गुणपत्रिकेतून पसरतो. फ्रेंडस्टर या जुन्या वेबसाइटला सोशल नेटवर्किंगचे अमेरिकी पेटंट २००६ मध्ये मिळाले. तोवर लोक दुसरीकडे निघून गेले होते, आणि २०१० मध्ये फ्रेंडस्टरची पेटंटं फेसबुकने विकत घेतली.

काही परीक्षकांचे म्हणणे मी ऐकले आहे: गुंतवणूकदार हा प्रश्न विचारतात, म्हणून आम्हीही विचारतो. गुंतवणूकदाराचा प्रश्न समजून घ्या. त्याला जाणून घ्यायचे असते, की उद्या मोठ्या कंपनीने हेच केले तर तुमच्याकडे काय उरेल. त्याचे प्रामाणिक उत्तर वेबसाइटच्या बाबतीत बहुधा पेटंटबाहेर असते: जमवलेले वापरकर्ते, त्यांचा विश्वास, स्वतः गोळा केलेली माहिती, कामाचा वेग, नाव. मुलांना हे उत्तर तयार करायला शिकवा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

वेबसाइट, अ‍ॅप आणि सॉफ्टवेअर या गटांसाठी ‘पेटंट आहे का?’ हा गुण असलेला रकाना काढून टाकावा. त्याऐवजी विचारावे: तुमच्या कामात नवे तांत्रिक काय आहे? कोड कोणी लिहिला आणि त्याचे हक्क लेखी कोणाकडे आहेत? नावाचा ट्रेडमार्क तपासला आहे का? पेटंटविषयी माहिती हवीच असेल तर ‘अर्ज केला’, ‘तपासणी चालू’, ‘मंजूर’ असे वेगळे पर्याय द्यावेत आणि त्यांना गुण ठेवू नयेत.

अर्ज उघडण्याच्या दिवशीच, मोठ्या अक्षरांत, एक सूचना छापावी: तुमच्याकडे तांत्रिक शोध असेल तर तो जाहीर सादर करण्यापूर्वी पेटंट वकिलाला भेटा. सादरीकरणाच्या दिवशी ही सूचना देऊन उपयोग नाही.

ज्यांना तांत्रिक तपशील झाकून ठेवायचा आहे त्यांना बंद दारामागे, परीक्षकांनी गोपनीयतेच्या करारावर सही केल्यानंतर, बोलण्याची सोय द्यावी. ही सोय मागितली म्हणून गुण कमी होऊ नयेत. चित्रफीत स्पर्धकाच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये. ‘माहिती गोपनीय मानली जाणार नाही’ ही ओळ ठेवायचीच असेल तर तिचा परिणाम काय होतो तेही तिच्याखाली साध्या भाषेत लिहावे.

पेटंट दाखल करून देणाऱ्या संस्थांना प्रायोजक म्हणून घेत असाल तर ते उघड सांगावे, आणि स्पर्धकांना त्यांच्याकडे पाठवण्याआधी त्यांच्यापासून स्वतंत्र असलेल्या पेटंट वकिलाचा सल्ला मिळेल अशी व्यवस्था करावी. माझ्या मते तो अर्धा तासही पुरेल. बहुतेकांना तो वकील ‘यात पेटंटजोगे काही नाही, जा आणि बांधा’ असेच सांगेल.

शेवटची मागणी परीक्षकांकडे आहे. ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या मुलाला सभेत पुन्हा तोच प्रश्न विचारू नका. त्याने दिलेले उत्तर त्याच्या कल्पनेपुरते बहुधा बरोबर असते.

पुढच्या फेरीचे अर्ज निघण्यापूर्वी हे बदल करणे शक्य आहे. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. नव्या रकान्यांचा आणि दोन संस्थापकांमधल्या साध्या कराराचा मसुदा मी तयार ठेवला आहे. एखाद्या वकिलाकडून तो तपासून घ्यावा आणि हवा तसा वापरावा. त्याचा मोबदला नको. जे संयोजक हा रकाना कायम ठेवणार असतील, त्यांनी त्याचे कारण स्पर्धकांना लेखी कळवावे, एवढे मात्र मी मागते आहे.

आपली,
वेबसाइट बांधणारी एक प्रोग्रॅमर